पीस पुरत नाही

आमच्या बीड जिल्ह्यातल्या धारूरकडं लग्नाच्या मांडवात बाईला 'कशी आहेस' असं सहसा कुणी विचारत नाही. भेटणारी आधी वरपासून खालपर्यंत नजर फिरवते आणि थेट निकाल देते. "अगं माय, लईच वाळलीस की!" नाहीतर, "मानवलं बरं का सासर!" वाळली असेल तर घरी जाच आहे, भरली असेल तर कामाला हात लावत नाही. पोट दिसलं तर 'काही आहे का?' आणि नाही दिसलं तर 'अजून काहीच नाही का?' हे सगळं हात हातात घेऊन, पाठीवरून हात फिरवत बोललेलं असतं, हेही सांगायला पाहिजे. बोलणारीच्या मनात वाकडं काही नसतं. तिच्याही अंगाबद्दल लोक जन्मभर असंच बोलत आलेत. पाऊसपाण्याचं बोलून झालं की दुसरीच्या अंगाचं बोलायचं, असा रिवाजच आहे.

एखादी शेलाटी असते, एखादी हाडकुळी. दोघींच्या वजनात अर्ध्या किलोचाही फरक नसेल. पहिली पसंत पडलेली असते आणि दुसरीला नकार आलेला असतो, एवढंच.

मी वाढले त्या घरात बायकांची अंगं रोज मोजली जायची आणि त्यावर कुणी काही बोलायचं नाही. आई ब्लाउज शिवते. म्हाताऱ्या बायका अजून झंपरच म्हणतात. ओसरीत मशीन, आईच्या गळ्यात टेप, आणि शाळेतून आल्यावर वही धरून बसायचं काम माझ्याकडं. आई टेप लावायची आणि आकडे सांगायची: लांबी, शोल्डर, वरची छाती, छाती, कंबर, मुंढा, बाहीची लांबी, बाहीचा घेर, पुढचा गळा, मागचा गळा, टक्स पॉइंट. छाती अठ्ठावीस असो की शेहेचाळीस, सांगायचा आवाज तोच, वर्गात हजेरी घेतल्यासारखा. गिऱ्हाईक मात्र गप्प राहत नाही. टेप लागला की बाई आपणहून खुलासे द्यायला लागते. "सिझर झाल्यापासनं पोट उतरलंच नाही बगा." "थायरॉइड निघालाय मला." "मी पहिल्यापासनं अशीच, कितीबी खाल्लं तरी अंगाला लागत नाही." आईनं काही विचारलेलं नसतं. टाचण्या ओठांत धरून ती नुसतं 'हं' करते आणि म्हणते, "हात वर करा."

त्या वहीत छत्तीस छातीच्या बायका ढीगभर आहेत. पण एकीचा ब्लाउज दुसरीला घालून पाहा. एकीचे खांदे रुंद, दंड भरलेले. दुसरीचे खांदे उतरते, गळा लगेच ओघळतो. एकीची पाठ अरुंद आणि छाती पुढं, दुसरीची सगळी रुंदी पाठीतच. तिसरी जरा वाकलेली, तिला मागून अर्धा इंच उंची जास्त द्यावी लागते, नाहीतर ब्लाउज वर ओढला जातो. दोन्ही खांदे एका रेषेत असलेली बाई आईला क्वचितच भेटली आहे. छातीही दोन्ही बाजूंनी सारखी नसते. बऱ्याच जणी ही आपल्या एकटीतलीच खोट समजून लपवतात, आणि ब्लाउज शिवणाऱ्या प्रत्येकीला ती ठाऊक असते.

एवढे आकडे घेऊनही आई शिवणात माया, म्हणजे आत दाबलेलं जादा कापड, ठेवते, कारण एवढ्या आकड्यांतही बाई पुरती मावत नाही. डॉक्टर दोन आकडे घेतात, उंची आणि वजन. नातेवाईक एकही घेत नाहीत.

डॉक्टरांच्या त्या दोन आकड्यांची गोष्ट गमतीची आहे. किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, हे गणित बेल्जियमच्या अडॉल्फ केटलेनं एकोणिसाव्या शतकात मांडलं. केटले गणितज्ञ आणि खगोलशास्त्रज्ञ, वैद्य नव्हे. त्याला 'सरासरी माणूस' कसा असतो ते शोधायचं होतं, कुणाला लठ्ठ ठरवायचं नव्हतं. पुढं 1972 मध्ये अमेरिकेतल्या अँसेल कीज यांनी पाच देशांतल्या लोकांच्या मापांवरून त्याला बॉडी मास इंडेक्स हे नाव दिलं. ते सगळे लोक पुरुष होते. आज तोच बीएमआय तालुक्याच्या दवाखान्यातल्या तक्त्यावर बायकांच्या नावापुढं लिहिला जातो.

आणि तो आपल्या लोकांना नीट लागूही पडत नाही, हे दाखवणारा माणूस जवळचाच, पुण्याचा. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. दोघांचाही बीएमआय 22.3. मोजल्यावर युडकिनांच्या अंगात चरबी निघाली 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2 टक्के. बाहेरून सडपातळ, आतून चरबी, अशी आपल्याकडची बरीच अंगं. म्हणून तर भारतीयांसाठी जादा वजनाची रेघ 25 ऐवजी 23 वर धरतात, आणि बायकांनी कंबर 80 सेंटीमीटरच्या आत आहे का ते पाहावं, असं सांगतात. म्हणजे मांडवातल्या ज्या मावशी बारक्या मुलीला 'तुझं बरंय बाई' म्हणतात, त्यांना त्या मुलीच्या रक्तातल्या साखरेचं काही कळलेलं नसतं. आणि 'खात्यापित्या घरची' म्हणून जिला चिमटा काढतात, तिचं हिमोग्लोबिन आठ असू शकतं. 2019 ते 21 या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 18.7 टक्के बायकांचं वजन उंचीच्या मानानं कमी निघालं, 24 टक्क्यांचं जास्त, आणि रक्त कमी असलेल्या निघाल्या 57 टक्के. हे तीन आकडे शेजारी ठेवले की लक्षात येतं, पंगतीत बसलेल्या जाड आणि बारीक दोघींनाही रक्त कमी असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त आहे. पण पंगतीत वाढणारी एकीला जिलेबी आग्रहानं वाढते आणि दुसरीच्या ताटाकडं बघून हसते.

अंग कशानं घडतं, ते आमच्या भागात निराळं सांगायला नको. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात. मग लग्नसराई, मग आईकडं गर्दी. या बायकांची मापं लिहिताना मला लहानपणी नवल वाटायचं. कंबर, छाती एकदम कमी, अंगावर मांस नाहीच, पण बाहीचा घेर आणि शोल्डर खात्यापित्या घरच्या बायकांपेक्षा मोठे. कोयता चालवून उजवा दंड डाव्यापेक्षा जाड झालेला. डोक्यावर मोळी घेऊन गाडी भरायची, तीही पहाटेपासून. टीव्हीवरच्या जाहिरातीत जिम लावून जे दंड कमवतात, तेच हे दंड. फरक इतकाच, की या बायकांना ते झाकून पाहिजे असतात. "बाही कोपरापर्यंत घ्या, मामी. बाप्यावानी दिसतंय."

याच बायकांची आणखी एक गोष्ट कुठल्याच टेपला कळत नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जातात, हे 2019 मध्ये राज्यभर गाजलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढं आलेल्या पाहणीत 82,309 बायकांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळीच्या दिवसांत खाडा पडतो, आगाऊ घेतलेली उचल फेडायची असते, फडात संडास नाही, पाणी नाही, अंगावरून जातं आणि दुखणं वाढतं. वर डॉक्टर कॅन्सरची भीती घालतो. त्यात ज्यांचे बीजकोशही काढले, त्यांना तिशीतच रजोनिवृत्ती येते, हाडं ठिसूळ होतात, वजन वाढतं. मग मांडवात कुणीतरी म्हणतं, "हिला काय झालंय, सुटतच चाललीय." मला या विषयावर लिहायचं म्हटलं की आरशाच्या गोष्टी आधी सुचत नाहीत, हे वाक्य आठवतं.

हल्ली फोनवर एक गोड बाई सांगत असते, 'आहात तशा स्वतःवर प्रेम करा', आणि तिच्याच खाली चरबी वितळवणाऱ्या चहाची जाहिरात. आमच्या तालुक्याच्या गावात सकाळी शेक पाजणारे क्लबही निघालेत. भिंतीवर आधीचा आणि नंतरचा असे फोटो. मला तर त्या प्रेमाचीही फार गरज वाटत नाही. अंग आहे, त्यानं चालावं, वाकावं, झोप लागावी, दुखलं तर वेळेवर कळावं. त्यावर कुणी येताजाता काही म्हणू नये, एवढं झालं तरी पुष्कळ.

माझ्या आजीच्या पिढीला कपड्याचा असा ताप नव्हता. खणाची चोळी पुढं गाठ मारून घालायची. दिवस गेले, गाठ सैल केली. लेकरू अंगावर पीत असलं की गाठ सोडली. म्हातारपणी अंग उतरलं, पुन्हा आवळली. नऊवारीला नंबर नसतोच. तांड्यावरच्या लमाण बायकांची कांचळी पाठीवर नाड्यांनी बांधलेली, अंग वाढलं तर नाडी लांबते. पुढं हुकांचा झंपर आला, अस्तर आलं, कटोरी आली, आणि कापड सांगायला लागलं की अंग किती पाहिजे. आता यावरून कुणी जुन्या काळाचे गोडवे गाऊ नयेत. त्याच गाठीच्या चोळीत बायकांची आठ-दहा बाळंतपणं व्हायची, आणि त्यातल्या कित्येक त्यातच जायच्या.

वेरूळच्या बाबतीतही माझं तेच म्हणणं आहे. चौदाव्या लेण्यात सप्तमातृका लेकरं घेऊन बसल्यात, एकविसाव्याच्या दर्शनी भागात मकरावर उभी असलेली गंगा आहे, आणि त्याच लेण्यात काल-कालीचे नुसते हाडांचे सापळेही आहेत. पोटावरच्या तीन वळ्यांना संस्कृत कवी त्रिवली म्हणत आणि ते सौंदर्याचं लक्षण मानत. हे वाचलं की बरं वाटतं, नाही असं नाही. पण 'बघा, पूर्वी कसं होतं' म्हणायला माझी जीभ रेटत नाही. दगडातल्या त्या बायकांची छाती एवढी आणि कंबर एवढीशी, हे माप आईच्या वहीत अजून एकदाही आलेलं नाही.

वहीतलं खोटं माप कधी येतं, तर लग्न ठरल्यावर. त्याची सुरुवात बायोडेटापासून होते. मुलाच्या बायोडेटात नोकरी, पगार, शेती किती आणि बागायत किती. मुलीच्या बायोडेटात उंची, वर्ण, बांधा. बांध्यापुढं सगळ्या जणी 'मध्यम' लिहितात. कागदावर पाहिलं तर मराठवाड्यात दुसऱ्या बांध्याची मुलगीच नाही. पाहायला येतात तेव्हा मुलाची मावशी पाणी मागते, म्हणजे मुलगी उठून आत जाते आणि चालताना दिसते. एवढं सगळं पार पडून ठरलं, की ती मुलगी आईकडं शालूवरचा ब्लाउज टाकायला येते आणि टेप छातीवर असतानाच म्हणते, "मावशी, दोन इंच कमीच धरा. लग्नापर्यंत उतरवते मी."

आई वाद घालत नाही. "बरं," म्हणते. वहीत दोन मापं लिहिते, एक मुलीनं सांगितलेलं आणि एक टेपनं. शिवते सांगितलेल्या मापाला, पण दोन्ही बगलांत दोन-दोन बोटं माया आत दाबून. मग मुलगी महिनाभर भाकरी सोडते, नुसती काकडी खाते, एकीला तर आमच्या ओसरीतच चक्कर आली होती. हळदीच्या आदल्या रात्री तिची बहीण पिशवी घेऊन दारात उभी. हुक लागत नाही. आई ब्लेड काढते, बगलेतली शिलाई उसवते, बाहेरून एक टीप मारून देते. दहा मिनिटांचं काम. त्याचे पैसे ती घेत नाही, आणि कधी कुणाला 'मी म्हटलं नव्हतं का' असंही म्हणत नाही.

एक गिऱ्हाईक मला विसरता येत नाही. माझं कॉलेज नुकतं संपलं होतं. गल्लीच्या पलीकडच्या एक वहिनी, नेहमी हसणाऱ्या, दुपारी सगळे झोपलेले असताना आल्या. हातात पाच-सहा जुने ब्लाउज. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात ऑपरेशन झालं होतं, डावी बाजू काढली होती. त्यांनी काही सांगितलं नाही, पदर नुसता बाजूला केला. आईनं मला दार लोटायला सांगितलं आणि टेप लावला. त्या दिवशी तिनं छातीचा एक आकडा सांगितला नाही. मधल्या हुकापासून उजव्या बगलेपर्यंत एक, मधल्या हुकापासून डाव्या बगलेपर्यंत एक. वहीत मी उजवं-डावं असे दोन रकाने आखले. आवाज नेहमीचाच.

आधी आईनं अस्तराच्या आत खिसा शिवला आणि त्यात कापसाची गादी बसवली. घालून पाहिलं तर डावीकडून ब्लाउज वर सरकायचा, कापसाला वजन नाही ना. वहिनी म्हणाल्या, चालतंय, मी पदर घेते की. आई म्हणाली, चालत नाही. मांजरपाटाची दुहेरी पिशवी शिवून तिनं त्यात मोहरी भरली, काट्यावर तोलून, थोडी काढून, पुन्हा भरून. वरून कापसाचा पातळ थर. आता खांदा सरळ राहिला. ऑपरेशननंतर एका बाजूचं वजन गेलं की मान आणि पाठ दुखायला लागते, म्हणून दवाखान्यातही वजनाची कृत्रिम बाजू वापरायला सांगतात, हे मला फार उशिरा वाचायला मिळालं. आईनं ते कुठं वाचलेलं नव्हतं. तिला ब्लाउज वर सरकतोय एवढंच दिसलं होतं. वहिनींनी सगळे जुने ब्लाउज तसे करून घेतले. पाऊस लागला की मोहरी बदलायला यायच्या आणि आधीची घरी फोडणीला वापरतात की काय, यावरून दोघी खिदळायच्या.

आता मी संभाजीनगरात राहते आणि नोकरीमुळं कुर्त्यांवर असते. दुकानात एस, एम, एल, एक्सएल. एका कंपनीचा एल मला सैल होतो, दुसऱ्या कंपनीचा एक्सएल दंडात अडकतो, आणि ट्रायल रूमच्या त्या पांढऱ्या उजेडात बाई स्वतःलाच दोष देत बाहेर येते. दोष कापडाचा आहे, हे मनात येत नाही. आपल्याकडची तयार कपड्यांची मापं बरीच वर्षं अमेरिका-ब्रिटनच्या तक्त्यांवरून चालली. 2018 मध्ये केंद्र सरकारनं निफ्ट या फॅशनच्या सरकारी संस्थेमार्फत देशी मापांचं सर्वेक्षण जाहीर केलं: दिल्ली, मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि शिलाँग धरून सहा शहरं, 15 ते 65 वयाचे 25,000 लोक, थ्रीडी स्कॅनर. चांगलंच काम. फक्त त्या सहा शहरांत कोयता चालवणारी बाई कितीशी सापडणार, असं माझ्या मनात आलं.

साडीला तर नंबर नाही, मग तिथं तरी सुटका असावी. पण साडीसोबत ब्लाउज पीस येतो तो साधारण 80 सेंटीमीटरचा. बारीक बाईचा, आखूड बाहीचा ब्लाउज त्यात आरामात निघतो. छाती बेचाळीस आणि बाही कोपरापर्यंत म्हटली की कापड संपतं. मग आई बगलेत जोड देते, तोही असा की हात वर केल्याशिवाय दिसू नये. आणि बाई दर वेळी ओशाळून म्हणते, "माझ्यामुळं तुमचं काम वाढतंय." शिलाई सगळ्यांना सारखीच, जोडाचे पैसे आई लावत नाही.

मागच्या लग्नसराईत आईबरोबर साडीच्या दुकानात गेले होते. भाचीच्या लग्नासाठी आहेराच्या साड्या घ्यायच्या होत्या, आणि आहेर मिळणाऱ्यांमध्ये सगळ्या अंगाच्या बायका होत्या. आईनं एक-एक साडी उलगडून टोकाचा पीस हातावर मोजायला सुरुवात केली. दुकानदार म्हणाला, "काकू, पीस सगळ्यांना तेवढाच असतो. वरूनच तसा येतो."

"मग वरच्यांना कळवा," आई म्हणाली, "इकडं खाली बायका तेवढ्याच येत नाहीत म्हणावं."

दुकानातल्या पोरी हसल्या. आईनं चार साड्यांना जुळणारं कापड पाव-पाव मीटर फाडून मागितलं, जोडासाठी, आणि ते फुकट मिळालं पाहिजे म्हणून पुढची वीस मिनिटं त्याच्याशी घासाघीस केली.